एकाच घडणीचीं तिघें

अंकुशनगर हें कांहीं जुनें गांव नव्हे. जालना जिल्ह्यांतील अंबड तालुक्यांत समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या भोंवतीं वसाहत वसली, आणि कै. अंकुशराव टोपे यांच्या नांवावरून तिला हें नांव मिळालें. दिवाळी आटोपली, न आटोपली, तों येथें गळिताचा हंगाम सुरू होतो. उंसानें लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग रस्त्यावर लागते, मळीचा आंबूस वास हवेंत भरून राहतो, आणि पाळी बदलतांना कारखान्याचा भोंगा वाजतो. वसाहतींतील बहुतेकांना हा भोंगा म्हणजे घड्याळ. आमच्या घरांत मात्र तिघांना तो कानांत सळई शिरल्यासारखा होतो. त्यांतला एक आमचा आठ वर्षांचा मुलगा, दुसरी तेरा वर्षांची मुलगी, आणि तिसऱ्या आम्ही स्वतः, त्यांची आई. मुलगा भोंगा होतांच दोन्ही हातांनीं कान दाबून कपाटांत शिरतो. मुलगी कान दाबीत नसे. ओठ आवळून हंसत असे. आम्हीही बेचाळीस वर्षांपर्यंत तसेंच हंसत आलों.

मुलाचें आम्हांस प्रथम कळलें, मुलीचें मागाहून, आणि आपलें स्वतःचें सर्वांच्या शेवटीं. हा उलटा क्रम कसा घडला, आणि तो तसा घडल्यामुळें मुलीचें काय नुकसान झालें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु हें मासिक ज्या घरांतून वाचलें जातें त्यांपैकीं कांहीं घरांत तरी अशीच एखादी आई असेल, आणि आपण मुलीला चांगलें वळण लावीत आहों असेंच तिलाही वाटत असेल, या विचारानें लेखणी हातीं धरली आहे.

मुलापासून आरंभ करावा लागतो. तो तीन वर्षांचा झाला तरी हांकेला ओ देत नसे. भूक लागली हें त्याला सांगतां येत नसे. पण थोड्याच दिवसांत घरासमोरून जाणाऱ्या ट्रॅक्टरांचे नंबर तो धडाधड म्हणूं लागला. नातेवाइकांचें निदान तयारच होतें. आई मुलाशीं बोलत नाहीं, आईचें लक्ष नाहीं, आईनें मोबाईल हातीं दिला. आमचे यजमान कारखान्याच्या प्रयोगशाळेंत केमिस्ट आहेत. मोजल्यावांचून कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवावयाचा नाहीं हा त्यांचा धर्म. त्यांनींच आग्रह धरला, आणि २०२१ सालीं आम्हीं मुलास त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. दोन-तीन भेटींनंतर त्यांनीं सांगितलें कीं मुलगा स्वमग्न आहे.

हा 'स्वमग्न' शब्द आम्हांस आजही पटलेला नाहीं. स्वतःमध्यें मग्न असा त्याचा अर्थ. आणि आमचा मुलगा तर चाकांत, नंबरांत, पाण्याच्या धारेंत, कपाटाच्या बिजागरीत मग्न असतो. स्वतःखेरीज सर्व कांहीं त्याला दिसतें. परंतु रूढ शब्द टाकून नवा पाडावा एवढा आमचा अधिकार नाहीं, म्हणून तोच वापरतों.

घरीं आल्यावर आम्हीं वाचनाचा सपाटा लाविला. त्यांत एक गोष्ट अशी आढळली कीं तिनें आमची दोन रात्रींची झोंप गेली. १९४३ सालीं अमेरिकेंतील लिओ कॅनर या डॉक्टरांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, व पुढल्याच वर्षीं व्हिएन्नांतील हान्स ॲस्पर्गर यांनीं तसेंच एक. येथपासून या विषयाचा इतिहास सांगण्याची चाल आहे. वास्तविक त्यांच्या कितीतरी आधीं, १९२५ सालीं, मॉस्को येथील ग्रून्या सुखारेवा या स्त्री-डॉक्टरांनीं सहा मुलांचें वर्णन केलें होतें, आणि १९२७ सालीं मुलींवर निराळा निबंध लिहिला होता. तो जगाच्या विस्मरणांत गेला. मग अनेक वर्षें अशी समजूत दृढ झाली कीं आईचें प्रेम थंड, म्हणून मूल असें. ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६७ सालीं या मताचा एक ग्रंथच लिहिला, आणि किती आयांनीं तो वाचून स्वतःला जाळून घेतलें असेल याची गणति नाहीं. या मतावर पहिला घाव एका बापानें घातला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांचें पुस्तक १९६४ चें. नंतर १९७७ सालीं सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनीं एकवीस जुळ्यांच्या जोड्या अभ्यासून दाखवून दिलें कीं हें प्रकरण आईच्या मायेचें नव्हे, बव्हंशीं आनुवंशिकतेचें आहे.

हें वाचून आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु आनुवंशिकता म्हणजे कोणाकडून तरी आलेलें, हा विचार मनांत येऊनही आम्हीं तो यजमानांच्या एका तऱ्हेवाईक चुलत्यांवर ढकलून दिला, आणि निश्चिंत झालों. माणसाचें मन अशा वेळीं किती चपळ असतें पहा.

आतां मुलीविषयीं. ती वर्गांत पहिल्या पांचांत, अक्षर मोत्यासारखें, वडील माणसांसमोर नम्र. तिला कांहीं असेल ही शंकाच कोणास येण्याचें कारण नव्हतें. ती सहा वर्षांची असल्यापासून आम्ही तिला कांहीं नियम शिकवीत आलों होतों. माणसाच्या डोळ्यांत बघवत नसेल तर दोन भुवयांच्या मधोमध बघावें, समोरच्याला फरक कळत नाहीं. बोलावेंसें वाटलें कीं आधीं मनांत पांच आंकडे मोजावे. चौघीजणी हंसल्या कीं आपणही हंसावें, विनोद काय होता तें घरीं येऊन विचारावें. हाताला चाळा लागला तर रुमाल मुठींत धरावा. आणि कितीही त्रास झाला तरी तोंडावर दिसूं देऊं नये. हे नियम आम्हीं कोठें वाचले नव्हते. ते आम्हीं स्वतः लहानपणापासून, ठेंचा खात, एकेक करून शोधिले होते. आणि आपल्याला पंधरा-वीस वर्षें लागलीं तें लेकीला तयार मिळावें, एवढ्याच मायेनें तिच्या पदरीं घातले होते. प्रत्येक घरांत मुलीला हें शिकवीत असतील, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

२०२३ च्या पावसाळ्यांत, ती सहावींत असतांना, एके सकाळीं ती न्हाणीघरांत शिरली ती बाहेर येईना. दार उघडून पाहतों तों नळ पूर्ण सोडलेला, आणि ही गणवेशासह खालीं बसलेली. पाण्याच्या आवाजांत बाकीचे आवाज बुडतात, असें तिनें पुष्कळ दिवसांनीं सांगितलें. त्या सकाळीं आम्हीं काय केलें? तिला उठविलें, अंग पुसलें, दुसरा गणवेश घातला आणि शाळेंत पाठविलें. हें लिहितांना हात थांबतो. परंतु तसेंच घडलें. शाळेंतील बाईंनीं सांगितलें कीं गुण चांगले आहेत, तेव्हां दुखणें कसलें, लाड कमी करा. आम्हांसही तें पटलें. पुढल्या तीन आठवड्यांत ती एकेकाशीं बोलणें बंद करीत गेली. प्रथम मैत्रिणींशीं, मग वडिलांशीं, मग आजीशीं, आणि शेवटीं आमच्याशीं. धाकट्या भावाशीं मात्र बोले. कारण तो उत्तर देतांना तिच्याकडे पाहत नसे, आणि तिनेंही पाहावें अशी त्याची अपेक्षा नसे.

डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलों तें मुलाच्या नेहमींच्या तपासणीसाठीं. मुलगी बरोबर होती, एवढेंच. मुलगा खेळत असतां बाईंनीं सहज तिला जवळ बसविलें, दोन शब्द बोलल्या, आणि थोडा वेळ थांबून विचारलें, "तूं माझ्या भुवयांकडे कां बघतेस ग?"

तीन आठवड्यांनीं मुलीनें एका मोठ्या माणसाला उत्तर दिलें. "डोळ्यांकडे बघितलं कीं बोलणं ऐकूं येत नाहीं."

"हें तुला कोणीं शिकवलं?"

"आईनं."

डॉक्टरीणबाईंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही त्या वेळीं त्यांच्या भुवयांच्या मधोमध पाहत होतों.

पुढें जें झालें तें थोडक्यांत सांगतों. मुलीची तपासणी झाली, आणि तिच्यापाठोपाठ आमची. आमच्या जुन्या प्रगतिपुस्तकांची पेटी माहेराहून मागविली. त्यांत वर्षानुवर्षें एकच शेरा होता: हुशार आहे, पण लक्ष नसतें. लहानपणीं आम्हांस पाहिलेल्या कोणाशीं तरी बोलणें डॉक्टरीणबाईंना अवश्य होतें. आई हयात नाहीं, म्हणून परभणीच्या आमच्या दादाला फोन लाविला. तो म्हणाला, "हिला स्वेटर घातला कीं ही दिवसभर रडायची. शेवटीं आई तिला स्वेटर उलटा घालायची, शिवण बाहेर करून. आम्ही हंसायचों. आई म्हणायची, हंसूं नका, मलाही टोंचते." दादाला यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. आम्ही मात्र डोळे पुसण्यासाठीं बाहेर गेलों. म्हणजे आई जाणत होती. तिच्याजवळ नांव नव्हतें, पण शिवण बाहेर करावयाची एवढें तिला माहीत होतें. आणि पुस्तकें वाचणाऱ्या आम्हीं तेवढेंही लेकीसाठीं केलें नव्हतें.

निष्कर्ष असा निघाला कीं आम्हांस स्वमग्नता आहे, आणि तिच्या जोडीला अवधानाची अस्थिरता. हीं दोन एकाच माणसांत असूं शकतात हें अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथानें २०१३ सालीं मान्य केलें. तोंवर पहिलें आढळलें कीं दुसऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं असा नियम होता. मुलींचें निदान कां चुकतें याचाही उलगडा झाला. निदानाच्या कसोट्या बहुतांशीं मुलग्यांकडे पाहून घडल्या. एका मुलीमागें चार मुलगे असें प्रमाण पूर्वीं सांगत. २०१७ सालीं अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिलें तेव्हां तें तिनाच्या जवळपास भरलें. जो चौथा मुलगा वाटत होता तो अर्थात् मुलगा नव्हताच. कोठल्या तरी शाळेंत ओठ आवळून हंसणारी, मोजणींत न आलेली मुलगी होती.

मुलांच्या निमित्तानें आईचें निदान होणें ही गोष्ट आतां जगांत नवलाची राहिलेली नाहीं. ऑस्ट्रेलियांतील ज्युडी सिंगर या समाजशास्त्रज्ञ बाईंचें उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलीच्या निदानावरून त्यांना आपल्या आईच्या विचित्र वाटणाऱ्या वागण्याचा अर्थ लागला, आणि मग स्वतःचा. आजी, आई, नात अशी ती सांखळी होती. माणसामाणसांच्या मेंदूंची घडण निसर्गतःच नाना प्रकारची असते, या अर्थाचा 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द त्यांनीं १९९८ सालच्या आपल्या प्रबंधांत योजिला. तो विचार त्यांचा एकटीचाच नव्हता, त्या काळीं पुष्कळांच्या बोलण्यांत तो घोळत होता. परंतु तीन पिढ्यांची सांखळी वाचतांना आम्हांस स्वेटरच आठवला.

आपल्या मराठीला अशा माणसांची ओळख नव्हती असें मुळींच नाहीं. वेंधळी, धांदरट, घुमी, एककल्ली, तऱ्हेवाईक, तंद्रीतली, फटकळ, माणूसघाणी. शब्दांची केवढी श्रीमंती! पण यांतील प्रत्येक शब्द आरोपाचा आहे. वर्णनाचा एकही नाहीं. हे सर्व शब्द आम्हीं माहेरीं व सासरीं मिळून ऐकले आहेत, आणि ते खोटे आहेत असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं. सासूबाईंना निदानाचें सांगितलें तेव्हां त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दूध उतूं जायचं तें…" आणि वाक्य पुरें न करितां देवघरांत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्वयंपाकघरांत असतांना त्या कुकर लावीनाशा झाल्या. शिट्टी होण्याआधीं आम्हांस बाहेर बोलावतात, कांहीं तरी निमित्त काढून. मुलगा कपाटांत शिरला तर त्या नातेवाइकांना आतां ऐकवितात, "शेजारच्या जांबेचा नारायणही अडगळींतच बसला होता म्हणतात." समर्थांचें जन्मगांव येथून जवळच, घनसावंगी तालुक्यांत, तेव्हां हा दाखला आमच्याकडे बिनतोड ठरतो. थोर पुरुषांना अशीं निदानें चिकटविण्याच्या आम्ही विरुद्ध आहों. परंतु सासूबाई निदान करीत नाहींत, नातवाची बाजू घेतात, म्हणून आम्ही बोलत नाहीं.

इतकीं वर्षें आमचें निभावलें कसें, हा प्रश्न यजमानांनीं विचारला. त्यावर विचार करितां करितां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत आली. आमच्यासारख्या घरांतील जुन्या रीतींनीं आम्हांस सांभाळून घेतलें होतें. पानांत मीठ कोठें, लिंबू कोठें, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वरणभात मधोमध. एक पदार्थ दुसऱ्याला लागावयाचा नाहीं. आमच्या मुलाच्या ताटांत भाजी भाताला लागली तर तो जेवत नाहीं, त्याला हट्टी म्हणतात. आम्हांसही तें सहन होत नसे, पण आम्हांस कोणी हट्टी म्हटलें नाहीं. पान नीट वाढणारी, सुगरण म्हटलें. पूजेचा क्रम ठरलेला, सणांचा क्रम ठरलेला, कोणत्या दिवशीं काय रांधावयाचें तें ठरलेलें, कोणाला काय म्हणून हांक मारावयाची तेंही ठरलेलें. आईचें सोंवळें तर कडक होतें. चार तास तिला कोणी शिवावयाचें नाहीं, स्वयंपाकघरांत कोणी यावयाचें नाहीं. सोंवळ्याच्या नांवावर बाहेरच्या माणसांना किती दुखविलें गेलें तें आम्ही विसरलेलों नाहीं, आणि तें परत यावें असें म्हणतही नाहीं. परंतु स्वेटर टोंचणाऱ्या त्या बाईला दिवसाकाठीं तेवढे चार तास शांतता मिळत होती, हें आज कळतें. आमच्या मुलीला तो आसरा नाहीं. तिच्या शाळेंत सत्तर मुलांचा गलका आहे, गटागटानें करावयाचे प्रकल्प आहेत, ऐन वेळीं बदलणारें वेळापत्रक आहे. जुनी चौकट गेली, आणि नवी तिच्यासाठीं कोणी उभी केली नाहीं. आम्हीं मात्र चौकटींत राहून शिकलेलें सोंग तेवढें तिच्या हातांत दिलें.

सोंग हाच शब्द योग्य आहे. हळदीकुंकवाहून परतल्यावर आम्ही अंधाऱ्या खोलींत दोन-दोन तास पडून असूं. घरांत त्याला 'हिची डोकेंदुखी' म्हणत. ती डोकेंदुखी नव्हती, सोंग उतरवून ठेवण्याचे श्रम होते. अशा सोंगाचा थकव्याशीं, चिंतेशीं आणि नैराश्याशीं निकट संबंध असल्याचें अलीकडील संशोधन सांगतें. तें वाचून आम्हीं मुलीला शिकविलेले नियम एकेक करून परत घेण्याचा उद्योग आरंभिला. शिकविणें सोपें होतें, परत घेणें अवघड आहे. "डोळ्यांकडे नाहीं बघितलंस तरी चालेल," असें सांगितलें तर तिनें विचारलें, "मग आधीं कां चालत नव्हतं?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्हीं तिची क्षमा मागितली. आईनें मुलीची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत नाहीं, त्यामुळें तिला तें आवडलें नाहीं, आणि ती उठून गेली.

आतां वाचकांस वाटेल कीं तिघेंही एकाच घडणीचीं, तेव्हां एकमेकांस छान समजून घेत असतील. येथेंच खरी अडचण आहे. मुलाला सदोदित गुणगुणण्याची गरज असते. कारखान्याच्या यंत्राचा एक सूर तो तासन्‌तास लावून धरतो, त्यानें त्याचें मन स्थिर राहतें. आणि आम्हांस घरांत एकसारखा सूर लागलेला सहन होत नाहीं. त्याचें औषध तें आमचें विष. इतर आयांना मुलाचा आवाज नकोसा होत असेल तर त्या थोडा वेळ तरी सोसतात. आमच्याच्यानें तेवढेंही होत नाहीं, आणि आमच्याच्यानें होत नाहीं हें त्यालाच सर्वांत आधीं कळतें. गेल्या हंगामांत एका संध्याकाळीं आम्हीं त्याच्यावर इतक्या जोरानें ओरडलों कीं तो स्वतःच्या हाताला कडकडून चावला. ती खूण आठवडाभर राहिली. यजमान त्या वेळीं पाळीवर होते. मुलीनें त्याला उचलून कपाटांत नेऊन बसविलें आणि दाराशीं स्वतः बसली. आम्ही गच्चीवर गेलों.

त्यानंतर मुलीनेंच एक तोड काढली. पुठ्ठ्याची पाटी करून तिची एक बाजू हिरवी, एक लाल रंगविली, आणि स्वयंपाकघराच्या दाराला टांगली. लाल म्हणजे आईचे कान दमले. मुलानें हा नियम शब्दशः मनावर घेतला. पाटी लाल झाली कीं तो दर दोन मिनिटांनीं दारांत येऊन सांगतो, "आई, पाटी लाल आहे, मी गुणगुणत नाहीं." हें दिवसांतून वीस वेळां ऐकावें लागतें. कानांत कापसाचे बोळे घालतों; कापसाला आमच्या जिल्ह्यांत तोटा नाहीं. भोंग्याच्या वेळा यजमानांनीं भिंतीवर लिहून ठेविल्या आहेत, आणि पांच मिनिटें आधीं घरांतलें कोणी तरी सर्वांना सांगतें. हळदीकुंकवाला आम्ही अर्धा तास बसतों आणि उठतों. लोक बोलतात. मुलगी हल्लीं भोंग्याला कान दाबते. ज्या दिवशीं तिनें प्रथम कान दाबले त्या दिवशीं आम्हांस केवढा आनंद झाला, तो दुसऱ्या कोणत्या आईला सांगावा हें कळलें नाहीं.

शाळेच्या बाबतींत थोडें सांगणें अवश्य आहे, कारण तेथें कायद्याचा आधार आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. ज्या माँटेसरी पद्धतीचा आपल्या सुशिक्षित घरांत इतका आदर, तिचा उगमच मंद समजल्या गेलेल्या मुलांच्या शिक्षणांत आहे. रोममध्यें अशा मुलांबरोबर काम केल्यानंतर मादाम माँटेसरींनीं १९०७ सालीं आपलें पहिलें बालगृह काढिलें. ती पद्धत ताराबाई मोडकांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत नेली. म्हणजे मुलाप्रमाणें शाळा वळवावी हा विचार आपल्याकडे परका नाहीं. विसर मात्र पडला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकार मानतो, आणि त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता हीं दोन्ही आहेत. प्रमाणपत्र असल्यास शालान्त परीक्षेंत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अवधानाच्या अस्थिरतेला मात्र त्या यादींत स्वतंत्र जागा नाहीं, ही मोठी उणीव आहे. लहान मुलांची तपासणी व्हावी म्हणून २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचीं पथकें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां यावयाचीं असतात, आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याचा लाभ आहे.

परंतु जीं मुलें वर्षांतले पांच-सहा महिने एका जागीं नसतात त्यांचें काय? हंगामांत ऊंसतोडीचीं कुटुंबें येथें कोपी टाकून राहतात. दोन वर्षांपूर्वीं रस्त्याकडेला आम्हीं एक चार-पांच वर्षांचा मुलगा पाहिला. गाडीच्या चाकाला त्याच्या कमरेचें फडकें बांधलेलें, आणि तो चाकाच्या आऱ्यांकडे पाहत पुढें-मागें झुलत होता. त्याच्या आईला विचारलें, तर ती म्हणाली, "पळतंय बाई रस्त्यावर, काय करूं." दोरी नव्हती, मऊ लुगड्याचें फडकें होतें. अंगणवाडीच्या बाईंना आम्हीं कळविलें. त्या आल्या तोंवर टोळी दुसऱ्या फडावर गेली होती. आमच्या मुलाचें निदान व्हावयाला एक नोकरी, एक मोटार आणि शंभर फेऱ्या लागल्या.

राहिला प्रश्न प्रमाणपत्राचा. मुलाचें काढलें आहे. मुलीचें काढावें कीं नाहीं यावर घरांत एक वर्ष वाद झाला. सासूबाईंचें म्हणणें, उद्यां स्थळें पाहावयाचीं, हा कागद आडवा येईल. यजमान म्हणतात, दहावीला दोन वर्षें राहिलीं, वेळ वाढवून मिळाला तर तिचा जीव वांचेल. आम्ही दोन्ही बाजूंनीं बोलत होतों. सकाळीं एक, रात्रीं एक. शेवटीं मुलीनें आम्हांस विचारलें, "तुझं काढलंस का?"

आम्हीं काढलें नव्हतें. दोन वर्षांत ती गोष्ट घराबाहेर आम्हीं कोणासही सांगितली नव्हती. भजनी मंडळांत नाहीं, शाळेंत नाहीं, माहेरीं दादाखेरीज कोणाला नाहीं. आम्हांस त्याचा काय उपयोग, परीक्षा का द्यावयाची आहे, असें आम्हीं तिला म्हणालों. ती कांहीं बोलली नाहीं. तिच्या मुठींत रुमाल होता.

मागील आठवड्यांत यजमानांनीं संगणकावर दोन अर्ज उघडले. आधीं आमचा भरावयास घेतला. नांव, वय, पत्ता झाला, आणि पुढें 'हें जन्मापासून आहे काय' असा प्रश्न आला. आम्ही तेथें थांबलों. मुलगी मागें उभी होती. तिनें आमच्या खांद्यावरून हात लांब करून 'होय' वर खूण केली, आणि विचारलें, "आतां माझा घ्यायचा?"